ताळ्याची डिस्क

जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवून घेणाऱ्या वाचकाला एक खूण ओळखीची असते. पुस्तकाच्या पत्त्यात 'इन डॉट अर्नेट डॉट डीएलआय डॉट २०१५' अशी अक्षरं असतात आणि पुढे एक क्रमांक. यातलं डीएलआय म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. ग्रंथालयाचा गोल शिक्का आणि कडेला कसरीची भोकं असलेलं एखादं जुनं पुस्तक आज मोबाइलवर उघडतं, ते या योजनेत दिवसभर पानं उलटत बसलेल्या माणसांमुळे. त्या कामाचं एक मोठं ठाणं हैदराबादेत होतं, गच्चीबावलीच्या आयआयआयटीत.

मूळ कल्पना कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी यांची. दहा लाख पुस्तकं स्कॅन करायची आणि जगात कुणालाही फुकट वाचता येतील अशी ठेवायची. भारतातल्या कामाची धुरा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एन. बालकृष्णन यांच्याकडे होती. चीन आणि इजिप्तही सोबत होते. नोव्हेंबर २००७ मध्ये पंधरा लाख पुस्तकं झाल्याचं जाहीर झालं. त्यात चिनी पुस्तकंच सर्वांत जास्त होती, पण तेलुगूचीही सुमारे ५० हजार होती.

पुस्तक स्कॅन झालं की ते सुटलं, अशी आपली समजूत असते. कागदाला वाळवी लागेल, फाइलला काय लागणार? पण फाइल हवेत राहत नाही, ती डिस्कवर राहते, आणि हार्ड डिस्क हे फिरतं यंत्र आहे. आतल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे मारतात. त्यांच्यावर वाचणारं टोक काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. वर्षानुवर्षं, रात्रंदिवस. असं यंत्र कधीतरी बंद पडणारच.

थोडा हिशेब मांडू. एका पुस्तकाला ३० एमबी धरले तर दहा लाख पुस्तकांना ३० टीबी जागा लागेल. २००५ साली बाजारात मिळणारी मोठ्यात मोठी डिस्क ५०० जीबीची होती. म्हणजे नुसती पुस्तकं ठेवायलाच साठ डिस्का. त्यातल्या वर्षाला किती जातील? कंपन्यांची माहितीपत्रकं दहा लाख तासांचं सरासरी आयुष्य सांगत. त्यावरून वर्षाला शंभरात एकही जाऊ नये. पण २००७ मध्ये बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी मोठमोठ्या संगणक केंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला २ ते ४ टक्के डिस्का बदलाव्या लागत असल्याचं दिसलं. काही ठिकाणी तर हा आकडा १३ टक्क्यांपर्यंत होता. साठ डिस्कांना तीन टक्के लावले तर दरवर्षी सरासरी दोन डिस्का जाणार. प्रत्येक डिस्कबरोबर सोळा हजारांहून जास्त पुस्तकं.

या प्रश्नावरचा तोडगा मात्र त्याआधीच निघाला होता, आणि तो काढणाऱ्यांत हेच गार्थ गिब्सन होते. डेव्हिड पॅटरसन, गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कलीतल्या तिघांनी जून १९८८ मध्ये शिकागोच्या परिषदेत एक निबंध वाचला. महाग, अवाढव्य डिस्कऐवजी स्वस्त, लहान डिस्कांचा जथा वापरा, असं त्यांचं म्हणणं. आयबीएमच्या एका मोठ्या डिस्कयंत्रात तेव्हा ७,५०० एमबी मावत, कॉनर कंपनीच्या छोट्या डिस्कवर १००. शंभर छोट्या डिस्का एकत्र केल्या तर जागा जास्त आणि वेगही जास्त. अडचण एकच होती, आणि ती त्यांनी निबंधातच मांडली. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते. शंभर डिस्का घेतल्या की त्यांतली पहिली सरासरी ३०० तासांत जाणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणून जथ्यात काही डिस्का जादा हव्यात. स्वस्त डिस्कांचा असा जादा डिस्का असलेला जथा म्हणजे रेड. पुढे विक्रेत्यांनी यातला 'स्वस्त' हा शब्द बदलून 'स्वतंत्र' केला, कारण त्यांच्या डिस्का स्वस्त नव्हत्या.

योगायोग असा की त्याच वर्षी १७ मार्चला आयआरएस-१ए हा भारताचा दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. अशा उपग्रहांची छायाचित्रं उतरवून घ्यायचं आणि जपायचं काम हैदराबादेतल्याच बालानगरच्या संस्थेकडे. आज तिला आपण राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र म्हणून ओळखतो. त्या काळी तो साठा चुंबकीय फितींवर असे. १९८८ सालच्या पावसाळ्यात गोदावरीचं खोरं कसं दिसत होतं, याचं छायाचित्र हरवलं तर ते पुन्हा काढता येत नाही. साठवणीच्या यंत्रांबद्दल लिहिताना मला हे चित्र कायम समोर ठेवावंसं वाटतं.

आता जादा डिस्क काय करते ते पाहू. सोपा मार्ग म्हणजे जे एका डिस्कवर लिहायचं तेच दुसरीवरही लिहायचं. याला रेड-१ म्हणतात. दोन डिस्का घेऊन जागा एकीचीच मिळते. लहान कार्यालयाला हे पुरतं आणि मी तरी तिथे दुसरं काही सुचवणार नाही.

दुसरा मार्ग आपल्या वाणसामानाच्या वहीत आहे. वहीत तीन रकमा आहेत: ७, ४ आणि ९. खाली बेरीज लिहिली आहे, २०. मधली रक्कम पाण्याचा थेंब पडून पुसली गेली. काही बिघडलं नाही. वीसातून सात आणि नऊ वजा करा, चार परत मिळाले. ज्या आकड्यानं आपण हिशेबाचा ताळा करतो, तोच आकडा हरवलेली रक्कम शोधून देतो. रेड-५ मध्ये हेच होतं. संगणक बेरजेऐवजी सम-विषम पाहतो: सर्व डिस्कांवरच्या एकाच जागचे एक आणि शून्य घ्यायचे, त्यांत एकांची संख्या सम असेल तर ताळ्यात शून्य, विषम असेल तर एक. कुठलीही एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिचा प्रत्येक बिट पुन्हा काढता येतो. ताळ्यासाठी एकच डिस्क ठेवली तर प्रत्येक लिखाणाच्या वेळी तिच्यावरच ताण येतो, म्हणून रेड-५ मध्ये ताळा सर्व डिस्कांवर पाळीपाळीनं लिहिला जातो. पाच डिस्कांत चारांची जागा वापरायला मिळते. रेड-६ मध्ये दोन वेगवेगळे ताळे असतात, त्यामुळे एकाच वेळी दोन डिस्का गेल्या तरी चालतं. आणि रेड-० हे नाव ऐकून फसू नका. त्यात जादा असं काहीच नसतं, एक डिस्क गेली की सगळंच गेलं.

इथवरचं गणित कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण डिस्क खरोखर जाते तेव्हा काय होतं, हे पुस्तकात नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका छोट्या संस्थेचा सर्व्हर सांभाळायला मी मदत करत असे. पाच डिस्कांचा रेड-५ होता. एका दुपारी डिस्कांचा संच सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा मेल आला: खण क्रमांक ३ मधली डिस्क गेली. मी बाहेर होतो. तिथल्या तरुण तंत्रज्ञाला फोन करून सांगितलं, तीन नंबरची काढ आणि नवी घाल. पाच मिनिटांत त्याचा फोन आला, "तीन नंबर निकाल दिया साब, नया डाल दिया." आणि लगेच दुसरा: कुणाच्याच फाइली उघडत नाहीत. त्यानं डावीकडून एक, दोन, तीन असं मोजलं होतं. कंट्रोलर मात्र शून्यापासून मोजतो. त्यानं काढली ती चांगली डिस्क होती, मेलेली तिच्या शेजारी होती. एक आधीच गेलेली, दुसरी आम्ही हातानं काढलेली. ताळ्याला एकच रक्कम शोधता येते, दोन नाही.

चूक माझी होती. 'तीन नंबर' एवढंच सांगायला नको होतं. सुदैवानं त्या मुलानं पुढचं बटण दाबलं नाही. पडद्यावर 'इनिशियलाइज' करू का, असा प्रश्न येतो आणि घाबरलेला माणूस हो म्हणतो, तिथे बहुतेकांचा डेटा कायमचा जातो. आम्ही यंत्र बंद केलं, कोणती डिस्क कुठल्या खणात होती हे कागदावर लिहिलं, चांगली डिस्क तिच्याच खणात परत बसवली आणि कंट्रोलरला जुनी मांडणी वाचायला लावली. फाइली परत आल्या, पण त्यात दोन दिवस गेले.

तेव्हापासून मी नवीन संच लावला की सगळ्यात आधी चिकटपट्टी घेतो. डिस्कच्या अंगावर छापलेला सीरियल क्रमांक ट्रेच्या पुढच्या बाजूला लिहून चिकटवायचा आणि तीच यादी सर्व्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायची. डिस्क बदलताना खणाच्या क्रमांकावर विसंबायचं नाही, सीरियल क्रमांक जुळवायचा. बऱ्याच कंट्रोलरना एखाद्या डिस्कचा दिवा लुकलुकवायचा हुकूम देता येतो. तो आधी द्यावा, डोळ्यांनी पाहावा, मगच हात लावावा.

डिस्क बदलली की रिबिल्ड सुरू होतं, म्हणजे उरलेल्या सगळ्या डिस्का वाचून नवीवर हरवलेला मजकूर लिहिला जातो. हा संचाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ असतो. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगानं भरायला सुमारे पंधरा तास लागतात, तेही यंत्राला दुसरं काही काम नसेल तर. कचेरी चालू असेल तर दोन-तीन दिवस सहज जातात. तेवढा वेळ जुन्या, थकलेल्या डिस्कांना कानाकोपऱ्यातलं सगळं वाचावं लागतं, वर्षभरात कुणी न उघडलेलंसुद्धा. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात सुमारे साडेबारा टीबी वाचल्यावर एखादा तुकडा वाचता न येण्याची शक्यता दिलेली असते. प्रत्यक्षात बहुतेक डिस्का याहून चांगल्या वागतात, पण ४ टीबीच्या पाच डिस्कांच्या संचात रिबिल्डसाठी १६ टीबी वाचावे लागतात, हेही खरं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: मोठ्या डिस्कांना रेड-५ लावू नये. रेड-६ लावावं, किंवा जोड्या-जोड्यांचं रेड-१०. एका डिस्कची किंमत वाचवून झालेली बचत एका रात्रीत निघून जाते.

न वाचता येणारे तुकडे रिबिल्डच्या दिवशी सापडण्यापेक्षा आधीच सापडलेले बरे. त्यासाठी महिन्यातून एकदा पूर्ण संच वाचून ताळा जुळवून घ्यायचा असतो. याला स्क्रबिंग म्हणतात आणि जवळजवळ प्रत्येक यंत्रात ही सोय असते. फक्त ती चालू करावी लागते. डिस्क स्वतःही आपल्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक दिसल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढते, असं त्यात निघालं. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट होती: गेलेल्या डिस्कांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी कसलीच आगाऊ सूचना दिली नव्हती. म्हणजे सूचना मिळाली तर ती गंभीरपणे घ्यावी, पण मिळाली नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

निश्चिंत न राहण्याचा एक उपाय म्हणजे राखीव डिस्क. क्रिकेटच्या संघातल्या बाराव्या खेळाडूसारखी ती खणात बसून असते. एखादी डिस्क गेली की कंट्रोलर आपोआप तिला आत घेतो आणि रिबिल्ड सुरू करतो, मग ती रविवारची रात्र असो वा दिवाळीची सुट्टी. पण याचाही एक तोटा पाहिला आहे. सगळं आपोआप होतं म्हणून कुणाला कळतच नाही की राखीव संपली. यंत्र बीप वाजवतं, कुणीतरी कटकट नको म्हणून आवाज बंद करतं. सूचनेचा मेल दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात राहतो. माझ्या अनुभवात रेडचे संच डिस्कांपेक्षा अशा न वाचलेल्या मेलांनी जास्त गेले.

सिकंदराबादच्या पार्क लेनवरचं चेनॉय ट्रेड सेंटर हैदराबादेत कुणालाही विचारा, 'सीटीसी' म्हणून माहीत असतं. संगणकाचं सामान घ्यायला सगळे तिथे जातात. एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या पाच डिस्का घ्याव्यात हे सोयीचं आणि भावही चांगला मिळतो. पण रेडचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: एक डिस्क जाण्याचा दुसरी जाण्याशी संबंध नाही. एकाच दिवशी, एकाच ओळीत बनलेल्या, एकत्र ट्रकमध्ये आदळलेल्या, त्याच उन्हाळ्यात त्याच खोलीत तापलेल्या डिस्कांबद्दल हे गृहीत लंगडं पडतं. याचं टोकाचं उदाहरण नोव्हेंबर २०१९ मधलं. एचपीई या कंपनीनं ग्राहकांना कळवलं की तिच्या काही एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेल्या डिस्का, बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतात आणि त्यांतला डेटाही जातो. ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. दोष आतल्या प्रोग्रॅममधला, म्हणजे फर्मवेअरमधला होता. एकाच दिवशी चालू केलेला संच एकाच दिवशी संपला असता, दोन काय दहा ताळे असते तरी. कंपनीनं दुरुस्ती उपलब्ध केली होती, पण ती ज्यानं घातली त्यालाच तिचा उपयोग. म्हणून डिस्का दोन-तीन दुकानांतून, वेगवेगळ्या तारखांच्या घ्याव्यात आणि त्यांचे फर्मवेअर अपडेट कंटाळा न करता पाहावेत.

हे सगळं केलं तरी रेड नेमकं कशापासून वाचवतं, हे डोक्यात पक्कं हवं. हैदराबादच्या प्रगतीनगरात इन्कॉइस ही संस्था आहे. २००४ च्या २६ डिसेंबरच्या लाटांनंतर देशाचं त्सुनामी इशारा केंद्र तिथे उभं राहिलं आणि २००७ पासून ते काम करतं आहे. समुद्राखाली भूकंप झाला तर काही मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो. 'डिस्क गेली आहे, उद्या बघू' हे तिथे चालणार नाही. चालू काम थांबू न देणं, एवढंच रेडचं काम. पण फाइल चुकून पुसली तर रेड ती सर्व डिस्कांवरून तितक्याच इमानदारीनं पुसतं. खंडणीखोर व्हायरसनं फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलींचाही ताळा बरोबर जुळतो. ऑक्टोबर २०२० च्या पावसात हैदराबादच्या कितीतरी वस्त्यांत तळमजले पाण्याखाली गेले. एकाच कपाटातल्या सगळ्या डिस्का अशा वेळी एकत्रच भिजतात. या सगळ्याला उत्तर एकच: बॅकअप, म्हणजे वेगळी प्रत, वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या जागी.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं पुढे काय झालं, ते यासाठीच सांगायला हवं. प्रताधिकाराचे प्रश्न उभे राहिले आणि २०१७ च्या सुमारास तिची संकेतस्थळं वाचकांसाठी बंद झाली. मी अनेक संध्याकाळी त्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं आहे, पान उघडत नसे. डिस्का गेल्या म्हणून हे झालं नव्हतं, त्यामुळे कितीही ताळे असते तरी उपयोग नव्हता. पण त्याआधीच कार्ल मालामुद यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेनं त्यातल्या लाखो पुस्तकांची प्रत इंटरनेट अर्काइव्हवर नेऊन ठेवली होती. वेगळ्या देशात, वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या माणसांच्या हाती. सुरुवातीला सांगितलेली ती 'डीएलआय डॉट २०१५' ची खूण या प्रतींवरची आहे. आपण आज ती पुस्तकं वाचतो ती या दुसऱ्या प्रतीतून.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हैदराबादच्या इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी ग्रंथालयं आहेत, आणि मराठवाड्यातलीही. एके काळी नांदेड, परभणी, बीड यांचा कारभार याच शहरातून चाले, त्यामुळे दोन्हीकडच्या कपाटांत एकमेकांचा इतिहास आहे. कित्येक ठिकाणी आता कार्यकर्ते हौसेनं स्कॅनिंग करतात आणि सगळं एका एक्स्टर्नल डिस्कवर ठेवून ती टेबलाच्या खणात टाकतात. त्या सर्वांना माझी विनंती आहे. दोन डिस्कांचा रेड-१ घ्या, ट्रेवर सीरियल क्रमांकाची पट्टी लावा आणि सूचनेचा मेल आज कामावर असलेल्या दोन माणसांना जाईल असं पाहा. मग तिसरी डिस्क विकत घ्या, सगळं तिच्यावर उतरवा आणि देवगिरी एक्स्प्रेसनं नांदेडला निघालेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्या. नांदेडच्या ग्रंथालयाची प्रत हैदराबादच्या कपाटात राहू द्या, हैदराबादची नांदेडच्या. आणि दर सहा महिन्यांनी त्या लांबच्या डिस्कवरचं एक पुस्तक उघडायला सांगा, शेवटच्या पानापर्यंत.